शुक्रवारच्या रेघा

वकीलबाईंच्या ऑफिसात बाबा कधीच धड बसले नाहीत. खुर्ची पुढे केली की दोन मिनिटं टेकायचे, मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे, मग दाराशी जाऊन जिना बघून यायचे. त्यांच्या मानेतल्या गाठी तेव्हा औषधांनी बऱ्याच बसल्या होत्या, पण पायाची भिंगरी थांबली नव्हती. त्यांना खांद्याला धरून खुर्चीत दाबून बसवावं असं मला दर वेळी वाटायचं. मी तसं कधी केलं नाही. मांडीवरच्या फाइलची कडा तेवढी नखांनी कुरतडत बसायची.

आमचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. बाबांना झालेला लसिका ग्रंथींचा कर्करोग त्यांनी नोकरीत हाताळलेल्या तणनाशकामुळे झाला हे दाखवायचं, आणि ते बनवणाऱ्या कंपनीकडून भरपाई मिळवायची. वाक्य छोटं होतं, पण त्याच्यामागे धावताना माझ्या चपलांचे दोन जोड झिजले. डॉक्टर म्हणाले, ‘यामुळेच झाला’ असं मी लिहून देणार नाही. ‘यामुळे झालेला असू शकतो’ असं देईन, आणि तेही संपर्क किती दिवस आला याचा आकडा मला कोणी दिला तर. बाबांना आता जे पुढचं औषध लागणार होतं ते इस्पितळाच्या यादीत नव्हतं आणि आमच्या आवाक्यात तर मुळीच नव्हतं. म्हणजे हा आकडा मिळाला तर औषध, नाहीतर देवाचं नाव. मी रोज सकाळी डोळे उघडायची ते हेच घेऊन.

कंपनीच्या वकिलाचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं. मैदानाच्या दप्तरात फवारणीची नोंद वर्षातून चार दिवस. सव्वीस वर्षांचे मिळून एकशे चार. एवढ्यानं काही होत नाही, असं त्यांच्या तज्ज्ञाचं म्हणणं. शिवाय डब्यावर सूचना छापलेली होतीच: हातमोजे घाला, आणि ज्या जागी औषध लावलंय तिथे एक दिवस कोणालाही फिरकू देऊ नका. कंपनी म्हणत होती, आम्ही सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

या सूचनेचा समाचार मी घेतला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माणसाला कुठलं अक्षर दिसतं आणि कुठलं दिसत नाही यावर माझं पोट चालतं. बाबांच्या जुन्या सामानातला एक रिकामा डबा मी दुकानात नेला आणि सूचनेची अक्षरं मोजली. आमच्या वाचायच्या कार्डावर सगळ्यात खाली जी ओळ असते, जी वाचताना गिऱ्हाईक कार्ड नाकाला लावतं, त्याहूनही ती बारीक होती. आणि छापलेली होती कुठे, तर मागच्या बाजूला, मुठीच्या खाली. मी तसा कागद करून दिला तेव्हा वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे यांनी ती सूचना वाचलीच नाही, असं आपण म्हणू शकतो.” मी म्हटलं, वाचणं शक्यच नाही. मी भलतीच खूश होते. बाबा तेव्हा खिडकीच्या पडद्याची दोरी सोडवत उभे होते.

आता बाबा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. सव्वीस वर्षं त्यांनी फुटबॉलचं एक मैदान सांभाळलं. गवत कापणं, पाणी देणं, खड्डे बुजवणं, जाळ्या बांधणं सगळंच करायचे, पण नाव झालं ते रेघांमुळे. मैदानावरची पोरं त्यांना रेघकाका म्हणायची. दोन खुंट्या, मधे दोरी, आणि त्या दोरीलगत पांढऱ्या रंगाची गाडी ढकलत ते असे जायचे की मागून पाहणाऱ्यानंही श्वास धरावा. दुसऱ्या मैदानांवरच्या रेघा एका पावसात पुसायच्या. बाबांच्या आठवडाभर जशाच्या तशा. बाहेरचे संघ खेळायला आले की त्यांचे मैदानवाले मुद्दाम वाकून बघायचे, काय घालता म्हणून विचारायचे. बाबा म्हणायचे, “काही नाही हो, हात बसलाय.” आणि मग दिवसभर घरात शीळ घालत फिरायचे.

घरातही हेच. दोरीवरचे टॉवेल एका पातळीत, चपला भिंतीला काटकोनात. आई पाहुण्यांना सांगायची, “बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. भांगाकडे बघितलं. तो सरळ होता म्हणून होकार दिला.” बाबा यावर हसायचे नाहीत, त्यांना ते खरंच पटलेलं होतं.

एकशे चारचं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून एका दुपारी मी मैदानावर गेले. बाबांच्या जागी आता एक तरुण माणूस होता, स्वभावानं बोलका. त्यानं मला हाताला धरल्यासारखं मैदानाच्या कडेला नेलं आणि म्हणाला, ताई, हे बघा. मैदान दोन वर्षांपूर्वी थोडं सरकवलं होतं, त्यामुळे जुन्या रेघांच्या जागा आता नुसत्याच पडून होत्या. तिथे गवत नव्हतं. बोटभर खोल, सरळ, उघडी चर गोलच्या खांबापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली. “तीन वेळा बी पेरलं,” तो म्हणाला. “नुसत्या रंगानं असं होत नाही. काका काय घालायचे हो?”

मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. बाबा गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. मी सरळ विचारलं. ते आधी चिडले, मैदानावर तुला कोणी जायला सांगितलं म्हणाले, मग पायात चपला घालून खाली गेले, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि दारातच उभं राहून बोलले. दर शुक्रवारी ते रंगाच्या बादलीत तणनाशक मिसळायचे. रेघेखालचं गवत जळलं की रेघ उठून दिसते आणि टिकते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांना हे सुचलं होतं. असं करायची परवानगी नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. काठीनं ढवळलं तर गाठी राहतात आणि गाडीचं तोंड तुंबतं, म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे.

“हातमोजे?” मी विचारलं.

“हातमोज्यात दोरीचा ताण कळत नाही.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत होती. एवढी वर्षं तिनं ते सदरे हातानं धुतले होते. ती पदराला हात पुसत राहिली, कोरडेच हात.

मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला. मी मनात गुणाकार करत होते. वर्षाचे चाळीस शुक्रवार, पंचवीस वर्षं, एक हजार दिवस. बाबांचा हात हजार वेळा त्या बादलीत गेला हे ऐकून मला हायसं वाटलं. अशी वेळ आली होती आमच्यावर.

वकीलबाईंनीही तो आकडा ऐकून पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी नवं पत्र दिलं, त्यात ‘असू शकतो’च्या जागी ‘असण्याची दाट शक्यता’ आली. आता उरली होती फक्त डब्यावरची सूचना. कंपनी म्हणणार, वाचूनही उघड्या हातानं ढवळलं, तर दोष तुमचा. बारीक अक्षरांचा माझा कागद होता, पण वकीलबाईंना आणखी काहीतरी हवं होतं, ऐकणाऱ्याच्या मनाला भिडेल असं. त्यांनी मला विचारलं, लहानपणी तूही त्याच मैदानावर खेळायचीस ना?

मी म्हटलं, हो तर. गोलमध्ये उभी राहायची.

“मग झालं,” त्या म्हणाल्या. “तिथे धोका आहे हे ज्या बापाला माहीत असेल, तो स्वतःच्या मुलीला त्या रेघेवर लोळू देईल का? मी त्यांना एवढा एकच प्रश्न विचारणार. लागलं तर तुलाही.”

मी मान हलवली आणि हलवता हलवताच थांबले. कारण शनिवार आठवला.

सराव सोमवार ते गुरुवार असायचा, आणि त्याला मी जायची. सामने शनिवारी, आणि शनिवारी बाबा मला घराबाहेर पडू द्यायचे नाहीत. कधी सर्दी, कधी अभ्यास, कधी आईला मदत. एकदा तर माझे बूटच लपवून ठेवले होते. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मी एकही सामना खेळले नाही. लोकांसमोर मुलगी चिखलात लोळते याची बाबांना लाज वाटते, अशी माझी पक्की समजूत झाली होती. चौदाव्या वर्षी मी बूट कचऱ्यात टाकले आणि पुढचं वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तो राग माझ्या पोटात इतका जुना झाला होता की तो आहे हेही मी विसरले होते.

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होते, आणि ते आधीच सरळ होतं.

घराच्या जिन्यात मी त्यांना अडवलं आणि विचारलं, डब्यावरचं तुम्ही वाचलं होतं ना? ते म्हणाले, वाचलं होतं. तेव्हा त्यांची नजर चांगली होती, आणि हाती आलेला छापील कागद वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. एक दिवस कोणी फिरकू नये, असं लिहिलं होतं. शुक्रवारी दुपारी रेघा, शनिवारी सकाळी सामना. सामना काही त्यांच्या हातात नव्हता. रेघा गुरुवारी मारल्या असत्या तर सरावाच्या पोरांनी त्या ओल्या असतानाच तुडवल्या असत्या. त्यांच्या हातात होते ते फक्त माझे बूट.

“एवढं काही होत नसेल असंच वाटायचं,” ते म्हणाले. “कंपन्या लिहितात तसं. पण तुझं म्हटलं की धीर व्हायचा नाही.”

मग सुनावणीत काय सांगायचं, असं मी विचारलं. त्यांनी कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. “तू खेळायचीस एवढंच सांग. ते काही खोटं नाही.”

मी बरं म्हटलं. यात मी त्यांच्याइतकीच सामील होते, हे इथे लिहून ठेवते. मला औषध हवं होतं. मला माझा बाप हवा होता. बाकीच्या मुलांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला दाराबाहेर उभं केलं.

सुनावणीला पंधरा दिवस होते आणि ते कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. बाबा सकाळी उठून चालायला जायचे ते धाप लागेपर्यंत चालायचे. जेवताना मधेच उठायचे. आई म्हणायची, अहो, दोन घास तरी एका जागी बसून खा. मी दुकानात एका बाईंच्या चष्म्याला डाव्याची काच उजवीकडे बसवली, आणि त्या बिचाऱ्या आठवडाभर डोकं दुखतंय म्हणत फिरल्या. वकीलबाईंचा रोज फोन यायचा आणि रोज मी सगळं ठीक आहे म्हणायची.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, एका टोकाला निकाल देणारे अधिकारी, बाजूला टाइप करणारा कारकून, समोर कंपनीचा वकील. तो चेहऱ्यानं सभ्य होता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. आई आणि मी भिंतीलगतच्या बाकावर. बाबा साक्षीच्या खुर्चीत बसले आणि नवल म्हणजे बसूनच राहिले.

हजार शुक्रवार त्यांनी फार चांगले सांगितले. बादली केवढी, झाकणानं किती मापायचे, हात कुठपर्यंत जायचा, अंगावर उडायचं कसं. कारकुनाची बोटं मागे पडली की थांबायचे. अधिकारी पुढे वाकून ऐकत होते. कंपनीच्या वकिलानं दोनदा काहीतरी खोडलं.

मग वकीलबाई उठल्या. “तुमची मुलगी याच मैदानावर खेळायची, बरोबर?”

“हो,” बाबा म्हणाले.

झालं होतं. त्यांना एवढंच हवं होतं. त्या वळल्या, खुर्चीपर्यंत पोहोचल्या, आणि मी आईचा हात दाबला.

“शनिवारी नाही,” बाबा म्हणाले.

त्यांना कोणी विचारलं नव्हतं. वकीलबाई अर्ध्या वाकलेल्या होत्या, तशाच राहिल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, शनिवारी नाही म्हणजे?

“शनिवारी सामने असायचे. रेघा आदल्या दिवशीच्या, ताज्या. डब्यावर लिहिलं होतं, मी वाचलं होतं. म्हणून तिला मी घरी ठेवायचो.”

“आणि बाकीची मुलं?”

“ती खेळायची.”

कंपनीच्या वकिलाला उठायचीही गरज पडली नाही. त्यानं टोपण पेनाला लावलं. मला असा राग आला की उठून ओरडावं. एवढ्या महिन्यांची धावपळ, दोन शब्दांत मातीत. आणि बाबा थांबले नव्हते. ते कारकुनाकडे वळले आणि म्हणाले, लिहून घ्या. एक डावखुरा होता, पोस्टमनचा मुलगा. दोघी जुळ्या बहिणी. एक जाड भिंगाचा, तो नेहमी कोपऱ्यातून मारायचा. अधिकारी म्हणाले की याची इथे गरज नाही. बाबा म्हणाले, मला आहे. आणि सांगत राहिले, अकरा आणि राखीव चार, एकेका वर्षाचे, जणू सगळे अजून त्यांच्यासमोर ओळीत उभे होते.

“गोलमध्ये हिच्या जागी बेकरीवाल्यांची मुलगी असायची,” ते शेवटी म्हणाले. “सहा वर्षं. गोलकीपरला रेघेवरच झोपावं लागतं.”

कारकुनानं अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी म्हणाले, लिहा.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई समजुतीच्या सुरात बोलल्या. दिवसांचा आकडा नोंदीत आलाय, तो जात नाही. पण सूचना वाचली होती हेही नोंदीत आलं. निकाल दोन महिन्यांनी, फार आशा धरू नका. आई म्हणाली, आता घरी चला. मी बाबांशी बोलत नव्हते. मला विचारायचं होतं, मग मला कशाला धावायला लावलं? मला विचारायचं होतं, आमचं काय? पण त्याहून खाली, जिथे मला बघायचं नव्हतं तिथे, ती बेकरीवाल्यांची मुलगी होती. सहा वर्षं मी तिचा दुस्वास केला होता. माझी जागा तिनं घेतली म्हणून. आणि जागा तर तिनं घेतलीच होती.

“कुठे असते गं ती आता?” बाबांनी विचारलं.

मला माहीत होतं. ती आमच्याच दुकानात मुलाचा चष्मा करायची. मी म्हटलं, आज नको, तुम्ही दमलाय. ते म्हणाले, आजच. आईला रिक्षात बसवून दिलं आणि आम्ही दोघं चालत निघालो. ते माझ्यापुढे चार पावलं, त्या अंगानं इतकं भरभर कसं चालत होते कोण जाणे. वाटेत दोनदा भिंतीला टेकले, दोनदा मी पाणी दिलं, आणि दोन्ही वेळा घोट संपायच्या आत पुन्हा निघाले.

दार तिनंच उघडलं. मला बघून तिला वाटलं मी चष्म्याचं काहीतरी सांगायला आलेय. मग माझ्यामागे तिचं लक्ष गेलं. औषधांनी केस गेलेल्या, अर्ध्या झालेल्या त्या माणसाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

“रेघकाका!” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. “या ना, आत या. अहो, परवाच माझ्या मुलाला तुमचं सांगत होते. तुम्ही हिला शनिवारी सोडत नव्हतात ना, म्हणून तर मला टीममध्ये जागा मिळाली. नाहीतर मला कोण घेणार होतं?”

“त्याचंच बोलायला आलोय, बाळ,” बाबा म्हणाले, आणि चपला बाहेर काढून आत गेले.